ताराबाईंचे अंगण

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. भटक्या-विमुक्त समाजात हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरला तर त्याचे विशेष महत्त्व, कारण मुंबई इलाख्यातील एक मोठी सेटलमेंट याच शहरात होती. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तेथे तारेच्या कुंपणाआड राहत, ठरल्या वेळी हजेरी देत आणि गिरण्यांत मजुरी करीत. कुंपण गेले, तरी वस्तीचे नाव सेटलमेंट असेच राहिले. पुढे एकवीस वर्षांनी याच तारखेला, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, ताराबाई मोडक यांचे निधन झाले. ताराबाईंचे कार्यक्षेत्र सोलापूर नव्हते आणि तारखांचे जुळणे हा केवळ योगायोग आहे. मात्र ज्या प्रश्नाचे एक उत्तर इंग्रज सरकारने त्या कुंपणाआड दिले होते, त्याचे अगदी उलट उत्तर शोधण्यात ताराबाईंच्या आयुष्याची अखेरची तीन दशके गेली.

घर मुलाच्या वाढीला अपायकारक आहे असे केव्हा म्हणावे, आणि तसे ठरल्यावर काय करावे, हा तो प्रश्न. सरकारी उत्तर कायद्यातच लिहिलेले होते. १९११ च्या आणि पुढे १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातील सतराव्या कलमान्वये सेटलमेंटमधील मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी अथवा सुधारगृहाच्या शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुले या कलमाच्या कक्षेत येत. त्यासाठी मुलाने काही केलेले असण्याची गरज नव्हती. त्याचा जन्म कोणत्या घरात झाला एवढे पुरेसे होते. घर वाईट म्हणून मूल उचलावे, इतका हा सरळ हिशेब होता.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे मुलींनी शिकावे की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुशिक्षित, सुखवस्तू घराचा हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. त्या पदावरील त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पगार, बंगला आणि प्रतिष्ठा देणारी ती जागा. ती सोडून त्या १९२३ च्या सुमारास भावनगरला गेल्या, तेव्हा पुष्कळांना तो अविचार वाटला असेल.

भावनगरला नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई हेही मूळचे वकील. माँटेसरींच्या पुस्तकांनी त्यांना बालशिक्षणाकडे वळविले. मुलाला मारू नये, भीती दाखवू नये, बक्षिसाचे आमिष दाखवू नये, हाताने काम करू द्यावे, ही सूत्रे आज परिचयाची वाटतात. छडीवाचून शाळा ज्यांच्या कल्पनेतही येत नव्हती, त्या पिढीला ती पचणे कठीण होते. ताराबाईंनी गिजुभाईंच्या जोडीने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, शिक्षिकांना प्रशिक्षण दिले, शिक्षणपत्रिकेसाठी लेखन-संपादन केले आणि पुढे ती मराठीतही आणली.

या वर्षांत त्यांच्यापुढे आलेली घरे मुख्यतः मध्यमवर्गीयांची होती. तेथील तक्रार निराळी. घर आवरलेले, भांडी घासलेली, अंथरुणे घडी घातलेली. आणि मुलाने पाण्याला हात लावला, माती घरात आणली, फडताळातील डबे खाली काढले की पाठीत धपाटा. अशा घरात मूल स्वच्छ असते, पण त्याला वाढायला जागा नसते. बालशिक्षणाच्या या चळवळीने पालकांना सांगितले, की मुलाचा पसारा म्हणजे त्याचे काम आहे आणि टापटीप धाकाने नव्हे तर सवयीने येते. मुलाला आपल्या उंचीची खुंटी, आपला पाट, आपली फडकी मिळाली की ते आपण होऊन आवरू लागते. पसारा दिसला म्हणजे घर बिघडले, अशी समजूत ज्या समाजात घट्ट होती, तेथे हे सांगणे लहान गोष्ट नव्हती. पुढे ज्या वाड्यांवर ताराबाई गेल्या, तेथील अस्वच्छतेकडे पाहताना हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

१९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. १९३९ मध्ये गिजुभाई वारले. संस्था नावारूपाला आली, शिक्षिका तयार होऊ लागल्या. परंतु महागडी साधने, नीटनेटक्या खोल्या आणि फी भरू शकणारे पालक यांच्या बळावर चाललेले हे बालशिक्षण देशातील किती मुलांपर्यंत पोहोचणार, हा प्रश्न उरला होताच. गांधीजींच्या विचारांचा प्रभावही होता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तत्कालीन ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. मोरगावात १९१० मध्ये जन्मलेल्या आणि बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षिकेची नोकरी सोडून जी साथ धरली, ती अखेरपर्यंत.

त्या १९४५ सालाचीही नोंद घ्यायला हवी. याच वर्षी, याच टापूत, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचे वेठबिगारीविरुद्धचे आंदोलन उभे राहिले. लग्नासाठी सावकाराकडून उचललेल्या रकमेपायी नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे जमीनदाराकडे राबत. अशांना लग्नगडी म्हणत. ज्या घरातील दोन्ही माणसे पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतावर किंवा जंगलाच्या ठेकेदाराकडे राबत, त्या घरातील मूल कसे असणार? सहा-सात वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन दिवसभर हिंडे. मुलगा गुरांमागे जाई. अंगावर खरूज, डोक्यात उवा, डोळ्यांत चिपडे, पोट रिकामे. परुळेकरांनी त्या दारिद्र्याच्या मुळाशी हात घातला, ताराबाईंनी त्यातल्या मुलाला हात दिला. दोघींचे मार्ग निराळे होते, आणि त्यांची तुलना करून एकीला उणे ठरवण्याचे कारण नाही.

बोर्डीतील बालवाडीत सवर्णांची मुले येऊ लागली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. बोलावणी गेली, तरी येईनात. याची कारणे एक नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अस्पृश्यतेने शिकविलेला संकोच होता, सवर्ण पालकांच्या नजरा होत्या, आणि धाकट्या भावंडाला सांभाळणार कोण ही रोजची अडचणही होती. यावर आईबापांच्या उदासीनतेला बोल लावून मोकळे होता आले असते. ताराबाई आणि अनुताई यांनी बालवाडीच उचलून वाड्यात नेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, पाणी शिंपायचे, चटई अंथरायची आणि जमतील तेवढ्या मुलांना घेऊन बसायचे. पहिले काम गाण्याचे किंवा अक्षरांचे नव्हते. नखे काढणे, केस विंचरणे, तोंड धुणे, आंघोळ घालणे, खरजेला औषध लावणे, हेच पहिले पाठ. या अंगणातल्या बालवाडीलाच अंगणवाडी हे नाव पडले.

या कामात एक धोका होता. बाहेरून आलेल्या शिकलेल्या बाईने दुसरीच्या मुलाला तिच्यासमोर न्हाऊ घालणे यात त्या आईचा अपमान होऊ शकतो. ज्या मुलाला एकच वस्त्र आहे, त्याला ते रोज धुऊन घालायला सांगणे निरर्थक असते, आणि जेथे विहिरीवर पाणी भरण्याचा हक्कच नाकारला जातो, तेथे स्वच्छतेचे व्याख्यान क्रूर ठरते. अंगणवाडीची रचनाच अशी होती, की यातले पुष्कळ काही आपोआप टळे. मूल घराच्या नजरेसमोर राही. आई, आजी उंबरठ्यात उभी राहून बघे, हळूहळू हातभार लावू लागे. आपले मूल कोणी उचलून नेईल, ही भीती राहत नसे. शिक्षिकेलाही घर आतून दिसे. कोणत्या घरात चूल पेटलेली नाही, कोठे आई तापाने पडली आहे, कोठे बाप दारू पिऊन मारतो, हे तिला तपासणीवाचून कळे. सगळीच अस्वच्छ घरे सारखी नसतात. एका घरी पसारा असतो, पण मुलाला पोटाशी घेणारे माणूसही असते. दुसऱ्या घरी मूल खरोखरच वाऱ्यावर पडलेले असते. हा फरक रोज त्या अंगणात बसणाऱ्यालाच कळू शकतो.

गुरे राखणाऱ्या मुलांचा प्रश्न याने सुटला नाही. ती दिवसभर घरीच नसत. मग शिक्षक त्यांच्यामागे रानात गेले, आणि कुरणशाळा जन्माला आली. गुरे चरत असताना झाडाखाली मोजणे, लिहिणे, पाने-फुले ओळखणे चाले. माँटेसरींची आयात साधने येथे परवडणारी नव्हतीच. शंख, शिंपले, चिंचोके, बिया, पाने, काड्या यांपासून साधने झाली. हा काटकसरीचा उपाय होता हे खरे, पण मुलाच्या परिचयाच्या वस्तूंतून शिकविल्याचा लाभही त्यात होता.

१९५७ मध्ये केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या आणखी जवळ गेले. तेथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे भावंड पाळणाघरात ठेवले की त्याला सांभाळणारी मोठी बहीण शेजारच्या वर्गात बसू शकते, इतका साधा त्यामागील विचार. मुलगी शाळेत का येत नाही याचे उत्तर तिच्या कडेवर असते, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच तो सुचू शकत होता. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. तोवर त्या सत्तरीच्या झाल्या होत्या आणि रोजच्या कामाचा भार अधिकाधिक अनुताईंवर होता.

सोलापुरात हा सारा इतिहास परका वाटू नये. विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या या शहरात घर हेच कारखाना असते. ओली करून फडक्यात गुंडाळलेली पाने, मांडीवरचे सूप, कोपऱ्यात कात्रणाचा ढीग, आणि त्या तंबाखूच्या धुळीत रांगणारे मूल. बाहेरून आलेल्या माणसाला ही खोली गलिच्छ वाटेल आणि तेथे मूल वाढविणे हा आईचा निष्काळजीपणा वाटेल. पण ठरल्या संख्येइतक्या विड्या वळून दिल्याखेरीज त्या आईच्या हाती मजुरी पडत नाही, आणि मुलाला ठेवायला दुसरी जागा नसते. तंबाखूपासून मुलाला दूर ठेवलेच पाहिजे, यात शंका नाही. पण दूर ठेवायचे ते कोठे, याचे उत्तर आईकडे मागून भागणार नाही. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिला नाव दिले गेले ते वारल्यांच्या गोदूताई परुळेकरांचे.

कायद्याची भाषाही आता पुष्कळ बदलली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असल्याचे तत्त्व नोंदविले आहे. मारहाण, शोषण, उपासमार किंवा परित्याग असेल तर बालकल्याण समितीने हस्तक्षेप करायचाच असतो. तेथे घराच्या प्रेमाची ढाल पुढे करून चालत नाही. परंतु केवळ खोली अस्ताव्यस्त आहे किंवा आईबाप गरीब आहेत, एवढ्यावरून मूल दुरावू नये, ही अपेक्षाही त्याच तत्त्वात आहे. सेटलमेंटच्या सतराव्या कलमापासून येथवर यायला एका शतकाहून अधिक काळ लागला.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण त्यांच्या वस्तीतच मिळावे, अशी तिची रचना होती, आणि त्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. अनुताई कोसबाडलाच राहिल्या. त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत टेकडीवरील पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांची काळजी त्यांनीच वाहिली.