दगडी झालेली कास आणि शेतकऱ्याचं पोर फ्लेमिंग

शेतकरी बंधूंनो, उंद्रीच्या कुठल्याही गोठ्यात घडावा असा हा प्रकार आहे. पहाटे धार काढायला बसावं, तर संकरित गाईचा एक सड गरम लागतो. कास दगडासारखी कडक, आणि पहिल्या धारेतच दुधात गाठी. कुणी याला दगडी म्हणतं, कुणी काससुजी. दवाखान्याच्या कागदावर कासदाह लिहितात. ढोरांचे डॉक्टर सडात सोडायच्या नळ्या लिहून देतात. दोन नळ्या सोडल्या की दूध स्वच्छ दिसायला लागतं. उरलेल्या नळ्या कोनाड्यात जातात. पुढच्या महिन्यात दुसरी गाय बिघडली, की डॉक्टरांना न विचारता त्याच कोनाड्यात हात घालायचा!

या कोनाड्यातल्या नळीची भीती, ज्या माणसाने मुळात हे औषध शोधलं त्यालाच वाटली होती. आज त्याचीच हकीकत सांगतो. तो आपल्यासारखाच शेतकऱ्याच्या घरचा होता.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा. गाव स्कॉटलंडमधलं डार्व्हेल, त्याच्याजवळ लॉकफील्ड नावाची डोंगराळ शेती. जमीन स्वतःची नव्हे, जमीनदाराकडून खंडाने घेतलेली. मेंढ्या आणि दुभती जनावरं हा मुख्य धंदा. तो मुलूख एअरशायर. त्याच नावाची दुधाळ गाईची जात तिथलीच. अलेक्झांडर सात वर्षांचा असताना वडील वारले. आईने आणि थोरल्या सावत्र भावाने शेती सांभाळली. पोरगं शाळेसाठी मैलोनमैल चालत जाई. तेराव्या-चौदाव्या वर्षी भावांकडे लंडनला गेलं आणि थोडं शिकून एका जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षं कारकुनी करत राहिलं.

एक चुलते वारले, त्यांच्या मालमत्तेतून अडीचशे पौंड वाट्याला आले. त्या पैशावर त्यांनी डॉक्टरकी शिकायला घेतली. सेंट मेरीज हे रुग्णालय निवडलं, त्याचं कारण काय म्हणाल, तर त्या कॉलेजच्या संघाशी ते पाण्यातल्या पोलोचा सामना खेळले होते! १९०६ साली डॉक्टर झाले. नेमबाजी उत्तम होती, म्हणून नेमबाजी संघाच्या कप्तानाने खटपट करून त्यांना तिथल्याच जंतुशास्त्राच्या खात्यात चिकटवून घेतलं. माणसाचं नशीब कुठे वळेल, सांगता येत नाही.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बुलोन इथे जखमी सैनिकांच्या इस्पितळात होते. तिथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. खोल जखमेत जंतुनाशकाचे कडक द्रव ओतले की कोपऱ्याकापऱ्यातले जंतू तसेच राहतात, उलट शरीराचे जंतूंशी लढणारे रक्षकच मरतात. औषध म्हटलं की जास्त ओतायचं, या समजुतीवरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला. १९२१ साली स्वतःला सर्दी झाली असताना नाकातल्या स्रावात जंतू विरघळवणारा एक पदार्थ त्यांना सापडला. तोच अश्रूंतही निघाला. मग काय, प्रयोगासाठी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा केले!

आता मुख्य गोष्ट. १९२८ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग सुटीवर गेले. टेबलावर जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटल्यांचा ढीग तसाच पडलेला. नीटनेटकेपणाबद्दल त्यांचं नाव नव्हतं. ३ सप्टेंबरला परत आले. एका ताटलीत बुरशी धरली होती, आणि बुरशीच्या भोवतालचे जंतू विरघळून गेले होते. दुसऱ्या कुणी ती ताटली नासली म्हणून फेकली असती. त्यांनी ती जपली. बुरशीतल्या त्या पदार्थाला त्यांनी पेनिसिलीन नाव दिलं आणि १९२९ साली त्यावर लेख छापला.

बंधूंनो, त्या ताटलीत कोणते जंतू होते, ते नीट ऐका. त्यांचं नाव स्टॅफिलोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखे दिसतात. गाईच्या कासेला दगडी करणाऱ्या जंतूंत एक मोठा गुन्हेगार याच कुळातला आहे. तो धार काढणाऱ्याच्या हातावरून, कास पुसायच्या फडक्यावरून एका गाईकडून दुसरीकडे जातो. एकदा कासेत शिरला की आतल्या मांसात घर करून बसतो, म्हणून दूध वरून स्वच्छ दिसलं तरी तो गेलेला नसतो. कोनाड्यात गेलेल्या नळ्या नेमक्या त्याच्यासाठी होत्या.

फ्लेमिंग यांना पेनिसिलीन शुद्ध करता आलं नाही. दहा-बारा वर्षं ते तसंच पडून राहिलं. ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते काम पुरं केलं. युद्धाचे दिवस, भांडी मिळेनात. रुग्णाच्या मलपात्रांत बुरशी वाढवली, दुधाचे कॅन वापरले. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला ते टोचलं. चेहरा पुवाने भरलेला माणूस चार-पाच दिवसांत उठून जेवायला लागला. पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून काढून पुन्हा टोचलं, तेही संपलं. जंतू परत उसळले आणि मार्चमध्ये शिपाई दगावला. डोस अपुरा पडला की काय होतं, याचा हा पहिला दाखला. तिथे निदान औषधच नव्हतं. आपल्या कोनाड्यात ते असतं.

(जाता जाता एक सांगतो. फ्लेमिंग यांच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला दलदलीतून वाचवलं आणि त्याच्या वडिलांनी उपकारादाखल फ्लेमिंग यांना शिकवलं, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ती खोटी आहे. शिक्षण चुलत्याच्या पैशावर झालं.)

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. असा सन्मान झाला की माणूस आपल्या शोधाची थोरवी सांगतो. फ्लेमिंग यांनी भाषणाच्या शेवटी इशारा दिला. पुढे हे औषध दुकानात कुणालाही मिळेल, अडाणीपणाने माणूस ते कमी घेईल, जंतू मरणार नाहीत आणि औषध पचवायला शिकतील, असं त्यांनी सांगितलं. घसा दुखणाऱ्या एका माणसाचं उदाहरण दिलं. तो थोडंसं औषध घेतो, त्याच्या अंगातले जंतू निर्ढावतात, तेच त्याच्या बायकोला लागतात, आणि तिच्यावर औषध चालत नाही.

आपण कपाशीत हेच भोगलं आहे. सगळ्या अळ्या एका मात्रेने मरत नाहीत. ज्या तगतात त्यांची पुढची पिढी त्याच औषधाला जुमानत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी कशी खाल्ली, ते विदर्भात वेगळं सांगायला नको. जंतूंची तर अर्ध्या-पाऊण तासात एक पिढी होते.

इशारा खरा ठरायला वेळ लागला नाही. लंडनच्या एका रुग्णालयात १९४६ साली तपासलेल्या स्टॅफिलोकॉकसपैकी शेकडा १४ पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४८ साली हा आकडा ५९ वर गेला. फ्लेमिंग यांनी हे जिवंतपणी पाहिलं. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये ते हृदयविकाराने वारले. त्याच सुमारास आपल्या पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागलं होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी तिथे उभी राहिली होती. परदेशातून यायचं ते औषध महाराष्ट्रात बनू लागलं. पुढे गावोगाव संकरित गाई आल्या, दूध वाढलं, मोठ्या कासेबरोबर दगडीही वाढली, आणि माणसाचं औषध गोठ्यात आलं.

गोठ्यातल्या औषधाचा आणखी एक पेच आहे. नळी सोडलेल्या गाईचं दूध विरजलं तर कित्येकदा दही लागत नाही. घरातल्या बाया विरजणाला दोष देतात. खरं तर दुधातल्या औषधाने विरजणाचे जंतू मारलेले असतात. दूध उकळून औषध जाईल असं समजू नका. दूध किती दिवस वापरू नये, ते औषधाच्या लेबलवर छापावं असा नियम २०१२ साली झाला. तसा काळ तपासून ठरलेला नसेल, तर दुधासाठी किमान सात दिवस धरायचे आहेत. सात दिवसांचं दूध ओतून देणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही, हे मलाही कळतं. म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि दूध संस्थेच्या सचिवांना माझं सांगणं आहे: जो शेतकरी आपणहून सांगतो की गाईला औषध चालू आहे, त्याला चारचौघांत बोल लावू नका. त्याला बोल लावलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि ते दूध गावाच्याच पोरांच्या पोटात जाईल.

औषधाची पाळीच कमी यावी, हे सर्वांत स्वस्त. धार काढण्याआधी हात आणि सड धुवा, गाईगणिक वेगळं फडकं घ्या, बिघडलेल्या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा. धार झाल्यावर गाईपुढे चारा टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड तोवर उघडं असतं. दुखणं लपलेलं आहे का ते घरी बघता येतं. अर्धा लिटर पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरचे सहा छोटे चमचे विरघळवा. वाटीत प्रत्येक सडाचं दूध वेगळं घेऊन तेवढंच हे पाणी घाला आणि हलवा. दूध चिकट, शेंबडासारखं झालं, तर तो सड बिघडला आहे.

अशा सडात आधी नळी सोडू नका. कोणतं औषध त्या जंतूवर चालेल हे तपासायचं असेल, तर नमुना औषधाच्या आधीच घ्यावा लागतो. सड स्पिरिटने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, उकळून कोरड्या केलेल्या लहान बाटलीत दूध घ्या, बूच लावून त्यावर गाईची आणि सडाची खूण लिहा. बर्फात ठेवून ती त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावी, आणि डॉक्टरांना या गाईला यापूर्वी कोणत्या नळ्या, किती आणि कधी सोडल्या, ते खरं सांगावं. कोनाड्यात उरलेल्या असतील तर त्याही सोबत न्याव्यात.