दादासाहेब फाळके यांची छायाचित्रणातील कारकीर्द

धुंडिराज गोविंद फाळके उपाख्य दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर – १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले जातात. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांनी वयाची ४३ वर्षे पूर्ण केली होती. त्यापूर्वीची सुमारे वीस वर्षे त्यांनी छायाचित्रकार, ठसेकारागीर आणि मुद्रक म्हणून काढली. हा काळ त्यांच्या चरित्रांत बहुधा चार ओळींत उरकला जातो. वस्तुतः चित्रपटासाठी लागलेले बरेचसे ज्ञान त्यांनी याच काळात मिळवले, आणि तेही पुष्कळदा एक धंदा बुडाला म्हणून दुसरा शोधताना.

== शिक्षण आणि कॅमेऱ्याची ओळख ==

फाळके यांचे घराणे वैदिक परंपरेचे. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. धुंडिराज यांचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. १८८५ साली त्यांनी सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकलेचे पुढील शिक्षण घेतले.

कलाभवन ही महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने स्थापन झालेली संस्था होती आणि तिचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे होते. कला आणि उद्योग यांची सांगड घालणे हा तिचा उद्देश होता. त्यामुळे चित्रे रंगवणाऱ्या विद्यार्थ्यालाही येथे प्रयोगशाळा परकी नव्हती. १८९० च्या सुमारास फाळके यांनी कॅमेरा मिळवला आणि छायाचित्रे घेणे, काचा धुणे व त्यांवरून कागदी प्रती काढणे हे सर्व ते स्वतः करू लागले. त्या वेळी जिलेटिनचा लेप दिलेल्या तयार कोरड्या काचा बाजारात येऊ लागल्या होत्या. पूर्वी ओली काच हातात घेऊन धावपळ करावी लागे. ती टळल्याने हे शास्त्र हौशी माणसाच्या आवाक्यात आले. तरी अंधारखोलीतील रसायनांचे माप, पाण्याचे तापमान आणि हाताची सफाई यांना पर्याय नव्हता.

गज्जर यांनी या विद्यार्थ्याचा कल ओळखून त्याला रतलाम येथे बाबूलाल वरूवाळकर यांच्याकडे पाठवले. तेथे फाळके तीनरंगी ठसे व शिलामुद्रणासाठी छायाचित्र उतरवण्याची क्रिया शिकले. छायाचित्रातील काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा छापखान्याच्या शाईला जशाच्या तशा दाखवता येत नाहीत. म्हणून बारीक जाळीतून चित्र पुन्हा टिपून त्याचे लहानमोठे ठिपके करतात आणि ते धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरतात. तीनरंगी छपाईत हेच काम पिवळ्या, तांबड्या व निळ्या रंगासाठी तीन वेळा करावे लागते, आणि तिन्ही ठसे कागदावर अचूक एकमेकांवर बसावे लागतात. परत आल्यावर गज्जर यांनी त्यांना कलाभवनातील छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा वापरण्याची मुभा दिली.

== गोध्रा आणि बडोदा ==

कौशल्य होते, परंतु त्यावर संसार चालत नव्हता. म्हणून १८९५ च्या सुमारास फाळके यांनी पंचमहाल जिल्ह्यातील गोध्रा येथे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून बस्तान मांडले. शतकाच्या अखेरीस गुजरातवर दुष्काळ आणि प्लेग ही दोन्ही संकटे कोसळली. १९०० साली गोध्रा येथे प्लेगमध्ये फाळके यांची पत्नी व मूल दगावले. ते गाव सोडून बडोद्यास परतले.

बडोद्यात त्यांनी पुन्हा छायाचित्रांचे दुकान थाटले, पण गिऱ्हाईक फिरकेना. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व त्याचे आयुष्य घटते, असा समज लोकांत पसरला होता. घरोघरी प्लेगने माणसे जात असताना अशी भीती का बळावली असेल, हे समजणे अवघड नाही. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र तो पोटावर पाय होता. फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून त्यांनी ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने, म्हणजे आपले आडनाव उलटे करून, जादूचे प्रयोगही केले.

१९०२ साली त्यांचा गिरिजा करंदीकर यांच्याशी विवाह झाला. सासरी त्या सरस्वतीबाई झाल्या.

== नोकरी व छापखाना ==

१९०३ साली फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. स्थिर पगाराची ही नोकरी त्यांनी स्वदेशी चळवळीच्या दिवसांत सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. जवळच मळवली येथे राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेला छापखाना होता. त्याचे काम फाळके यांच्याकडे येई. पुढे छापखाना दादर येथे हलला, पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नाव रूढ झाले. १९०९ मध्ये यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीस जाऊन आले. धंदा भरभराटीस आलेला असतानाच भागीदारांत मतभेद झाले आणि फाळके मोबदला न घेता बाहेर पडले. चाळिशीच्या माणसाने, पदरी संसार असताना घेतलेला हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने आततायीच म्हणावा लागेल.

== चलच्चित्राकडे ==

१९११ च्या ईस्टरमध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके यांना या माध्यमाचे वेड लागले. अहोरात्र चित्रपट पाहणे व वाचन यांचा ताण पडून काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारांनंतर ती परत आली. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी कामकाज पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म व तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था केली.

परतल्यावर पहिले चित्रीकरण झाले ते वाटाण्याच्या वेलाचे. कुंडीत दाणे पेरून समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट टिपली. दाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होतो, हे त्या मिनिटभराच्या पटात दिसत असे. स्थिरचित्रकाराचाच हा खेळ होता. फक्त चित्रे एकापुढे एक जोडलेली होती. तो पाहून भांडवल देणारे पुढे आले.

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्मला छिद्रे पाडण्याचे अंधारातील काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. चित्रीकरणासाठी जमलेल्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत असत.