तुकोबांना चर्चमध्ये नेणारे रेव्हरंड टिळक

आषाढी एकादशी आली की कोल्हापूरकरांची पावले टाळमृदंगाच्या गजरात नंदवाळच्या वाटेला लागतात. त्या दिंडीत ज्ञानोबा-तुकोबा आपल्या संगतीला असतातच. परंतु याच तुकोबांना सोबत घेऊन चर्चची पायरी चढलेला एक सत्पुरुषही महाराष्ट्रात होऊन गेला. आजच्या पुण्यदिनी त्याचे स्मरण काही भाविकांना अप्रस्तुत वाटेल. अभंग गाणाऱ्या कीर्तनकाराला मात्र ते टाळता येत नाही.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. व्यासंग सखोल, वाणी ओघवती आणि कवित्व उपजत होते.

१८९३ साली आगगाडीने राजनांदगावास जात असता डब्यात एका अपरिचित गोऱ्या गृहस्थाची गाठ पडली. संस्कृत काव्याचा विषय निघाला, स्नेह जुळला आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने बायबलचा नवा करार टिळकांच्या हाती ठेवला. दोन वर्षे अंतःकरणात मंथन चालले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

घरावर जणू वीज कोसळली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह पंढरपुरी राहिल्या. पती हयात असून दुरावलेला. हे दुःख त्या माउलीने विठ्ठलाच्या नगरीत सोसले. पुढे त्या पतीकडे परतल्या, त्याही प्रथम आपले सोवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने तोच धर्म स्वीकारला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त या साऱ्याची हकीकत आहे, कटुता मात्र नाही.

टिळकांनी घर सोडले, जात सोडली; तुकोबांना मात्र सोडले नाही. त्या काळी चर्चमधील बरीचशी गीते इंग्रजी पद्यांवर आणि चालींवर बेतलेली असत. टिळकांनी अभंगाचा छंद आणि भजनाची चाल तेथे नेली. तुकोबांच्या भक्तीच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. कोल्हापूर असो वा नगर, मराठी ख्रिस्ती बांधवांच्या उपासनेत त्यांची गीते आजही गायिली जातात.

त्यांचे घरही सर्वांना मोकळे होते. बालकवी ठोंबरे हिंदूच राहिले, तरी नगरला त्या घरी त्यांना पोटच्या मुलाची माया मिळाली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा मार्ग आपला नव्हे, आणि तो आपला म्हणण्याचे कारणही नाही. लक्ष्मीबाईंचे अश्रू विसरून त्यांचा गौरव करणेही योग्य नव्हे. तथापि संतांचे नाते एका उंबरठ्यापुरते नसते, हे त्यांच्या जीवनातून उमगते. आज नंदवाळच्या वाटेवर तुकोबांचा अभंग ओठी येईल, तेव्हा उंबरठा ओलांडून गेलेल्या या त्यांच्या सख्यालाही मनोभावे एक नमस्कार करावा. पांडुरंगाला तो खचितच पावेल.