कमला सोहोनी
कमला सोहोनी (माहेरचे नाव: कमला भागवत, इ.स. १९११ – इ.स. १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. दूध, कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी संशोधन केले.

== बालपण व शिक्षण ==
कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत. इ.स. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. केवळ स्त्री असल्यामुळे संचालक सी.व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग अवलंबल्यावर रामन यांनी त्यांना अटी घालून एक वर्षासाठी परीक्षणावर प्रवेश दिला. वर्षअखेरीस त्यांचे काम पाहून हा प्रवेश नियमित करण्यात आला आणि पुढे संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही खुली झाली. तेथे एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. या प्रबंधावर इ.स. १९३६ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्‌सी. पदवी मिळाली.

== केंब्रिज ==
इ.स. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या व फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. मक्यातील झीन हे एकच प्रथिन मिळाल्यास उंदीर जगत नाहीत, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसते, हे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेने विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखवले होते. प्रथिनाच्या मात्रेइतकीच त्यातील अमिनो आम्लांची प्रमाणबद्धता महत्त्वाची असते, ही पोषणशास्त्रातील मूलभूत कल्पना अशा प्रयोगांतून रुजली. कमलाबाईंनी वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचे बटाट्यावरील कामातून दाखवले. इ.स. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या भारतात परतल्या.

== संशोधन ==
दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर, इ.स. १९४७ मध्ये एम.व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आणि पुढे संचालिका झाल्या. मुंबई उपनगरातील आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला.

गरिबांच्या आहारात प्रथिनांचा मुख्य आधार कडधान्यांचा असतो. तांदूळ व गहू यांत कमी असणारे लायसिन डाळींत भरपूर असते, तर डाळींत कमी असणारे मेथिओनिन धान्यांतून मिळते. त्यामुळे वरण-भातात अमिनो आम्लांचा तोल साधला जातो. मात्र कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात व त्यांमुळे प्रथिन पुरते पचत नाही. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय कडधान्यांतील या रोधकांचा शोध घेतला. वाल व डबल बी यांतील रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचे त्यांचे संशोधन इ.स. १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यातून दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

== पशुआहारातील महत्त्व ==
हीच तत्त्वे पशुपोषणातही लागू पडतात. पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीच्या मका-सोयाबीनयुक्त खाद्यात सामान्यतः लायसिन सर्वांत आधी अपुरे पडते. तशा वेळी दुधासाठी तिच्या स्नायूंतील प्रथिने खर्ची पडतात, तिचे वजन घटते व पिलांची वाढ मंदावते. सोयाबीनमध्येही ट्रिप्सिन रोधक असल्याने ते उष्णता देऊनच खाद्यात मिसळावे लागते. मत्स्यखाद्य तयार करतानाही हीच काळजी घ्यावी लागते. मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मत्स्यपोषण हा अध्ययनाचा विषय आहे.

== ग्राहक चळवळ व निधन ==
इ.स. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या कार्यात त्यांनी हिरिरीने भाग घेतला. ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लेखन केले. इ.स. १९९८ मध्ये नवी दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने योजलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या व त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.