घरचा डॉक्टर आणि भाऊ दाजी

‘घरचा डॉक्टर’ आता स्मरणरंजनाचा विषय होऊ लागला आहे. नाडीबरोबरच रुग्णाची ऐपतही जाणणाऱ्या त्या परंपरेचा उगम शोधू गेल्यास एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड आठवतात. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या या गृहस्थाने १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीबरोबर वैद्यकीची पदवी मिळविली. संस्कृत ग्रंथांचा व्यासंग असल्याने देशी वनौषधींचाही त्यांनी कसोशीने अभ्यास केला आणि महारोगावर उपाय शोधण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली.

त्यांचा व्यवसाय मोठा होता, कमाईही मोठी होती. परंतु बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासमवेत त्यांनी चालविलेल्या धर्मार्थ दवाखान्यात गरिबांना औषधोपचार विनामूल्य मिळत. धनिकाच्या फीमधून निर्धनाचा उपचार भागावा, अशी ही व्यवस्था होती. तिच्यामागे कायदा नव्हता. डॉक्टरची सदसद्विवेकबुद्धी हाच तिचा आधार होता.

तीच तिची थोरवी, आणि तीच तिची मर्यादा. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. त्या पडझडीत भाऊंनाही जबर आर्थिक फटका बसला. १८७४ साली ते निवर्तले.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले, हे उचितच झाले. मात्र गरिबाचे औषध एका सज्जनाच्या सुबत्तेवर अवलंबून राहू नये, ही जबाबदारी समाजाने उचलणे हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.