पुतळे इतरांचे, म्हैस स्वतःची

गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने मांडव्याला उतरावे आणि अलिबागच्या रस्त्याला लागावे, की थोड्याच अंतरावर नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले सासवणे गाव लागते. शनिवार-रविवारी किहीमच्या किनाऱ्याकडे धावणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या बहुधा या गावात न थांबताच पुढे निघून जातात. जे थांबतात, त्यांना एका घराच्या आवारात एक म्हैस दिसते. ती सिमेंटची आहे, हे ध्यानात यायला क्षणभर वेळ लागतो. कोकणातल्या कुठल्याही वाडीत दिसावी तशी ही साधी म्हैस. कोणा संस्थानिकाने वा नगरपालिकेने ती घडवून घेतलेली नाही, आणि घडवणाऱ्याला तिच्यापासून चार पैसे मिळण्याची शक्यताही नव्हती. तरीही ती घडवणारा हात साधा नव्हे. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्याने उभा केला, त्याच हाताची ही म्हैस.

विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1891 रोजी याच सासवण्यात झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव त्याला 1981 मध्ये मिळाले. वडील शेतकरी. घरी गणपतीच्या मूर्ती करण्याचा छंद होता. छंद हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. याच जिल्ह्यातल्या पेणमध्ये पुढे गणेशमूर्तींचा केवढा व्यवसाय उभा राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. साचे, कारखाने, कारागीर, वर्षभर चालणारे रंगकाम आणि श्रावणात मुंबई-पुण्याकडे रवाना होणारे ट्रक, असा त्याचा पसारा आहे. करमरकरांच्या ओटीवर मात्र शाडूची माती मळली जाई ती हौसेपोटी. मूर्ती करायची, मन लावून रंगवायची आणि ठरलेल्या दिवशी पाण्यात सोडायची. घडवलेली वस्तू आपल्यापाशी राहणार नाही हे माहीत असूनही ती नीट घडवायची, हा संस्कार लहानग्या विनायकावर कुठल्याही कलाशाळेच्या आधी झाला.

पुढची हकीकत एखाद्या कथेत शोभावी अशी आहे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड फिरतीवर असताना त्यांच्या नजरेस ते पडले. रॉथफेल्ड हे काही निव्वळ दफ्तरी अधिकारी नव्हते. भारतातील स्त्रियांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढे प्रसिद्ध झाले आणि त्यातील चित्रे रावबहादूर एम. व्ही. धुरंधर यांनी काढली. अशा रसिक माणसाने ते चित्र कोणाचे, याची चौकशी केली आणि मुलाला मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत पाठवण्याची व्यवस्था केली. देवळाची भिंत रंगवल्याबद्दल गावात त्याला किती बोल बसले असतील, याची कल्पनाच केलेली बरी!

कलाशाळेत विनायकरावांनी शिल्पकलेत प्रावीण्य मिळवले आणि मानाचे लॉर्ड मेयो पदकही पटकावले. पण पदकाने पोट भरत नाही. चित्रकाराला कागद, रंग आणि खिडकीजवळची जागा पुरते. शिल्पकाराला प्रशस्त जागा लागते, मातीचे ढीग लागतात, मदतनीस लागतात, प्लास्टर लागते. आणि ब्राँझ ओतायचे तर भट्टी आणि भांडवलही लागते. त्या काळी हा खर्च सोसू शकत ते राजे-रजवाडे, सरकार किंवा वर्गणी गोळा करणाऱ्या स्मारक समित्या. म्हणजे छंद सुरू ठेवण्यासाठीसुद्धा शिल्पकाराला गिऱ्हाईक शोधावेच लागे. रॉथफेल्ड यांच्यामुळे त्यांची सुरेंद्रनाथ टागोर यांच्याशी गाठ पडली. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे, आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले पहिले भारतीय आय. सी. एस. अधिकारी सत्येंद्रनाथ यांचे चिरंजीव. त्यांच्या आधाराने सासवण्याचा हा तरुण कलकत्त्याला गेला, तेथे त्याने नाव मिळवले आणि 1920 मध्ये लंडनला जाऊन रॉयल अकॅडमीत शिक्षण घेतले. परतल्यावर काही काळ कलकत्ता आणि नंतर मुंबई, असे त्यांचे वास्तव्य राहिले.

याच टप्प्यावर त्यांच्या हाती आयुष्यातले सर्वांत मोठे काम आले. पुण्यात शिवछत्रपतींचे स्मारक व्हावे, ही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची तळमळ होती. कोनशिला 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसली. पण पुढच्याच वर्षी महाराजांचे निधन झाले आणि काम पुरे करण्याची जबाबदारी राजाराम महाराजांकडे आली. अश्वारूढ पुतळा ही शिल्पकाराची मोठीच कसोटी असते. माणूस आणि घोडा यांचा सारा भार घोड्याच्या बारीक पायांवर तोलायचा असतो. आधी हातात मावेल असा नमुना, तो पसंत पडल्यावर लोखंडी सांगाड्यावर मातीचे पूर्णाकृती काम, त्यावरून प्लास्टरचे साचे आणि शेवटी तापलेल्या धातूचा रस. यातल्या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी बघून मान डोलवायची किंवा नाक मुरडायचे. आणि शेवटची पायरी चुकली, तर आधीच्या सगळ्या पायऱ्या वाया.

सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा मुंबईत माझगाव डॉकमध्ये ओतला गेला. त्यासाठी परदेशी भट्टीकडे जावे लागले नाही, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मोठ्या ब्राँझ पुतळ्यांसाठी विलायतेकडे पाहण्याचीच तेव्हा सवय होती. मुंबईहून तो रेल्वेने घाट चढून पुण्याला आला, आणि जून 1928 मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवरचा कोळशा-रंगाचा घोडेस्वार ब्राँझमध्ये उभा राहिला. पहिल्याचे मोल शून्य होते आणि दुसऱ्यावर संस्थानची तिजोरी खर्ची पडली. विषय मात्र तोच होता.

या पुतळ्याने नानासाहेबांची कीर्ती पक्की झाली. नामवंतांचे अर्धपुतळे आणि पूर्णाकृती पुतळे घडवण्याची कामे त्यांच्याकडे येत राहिली. हा व्यवसाय त्यांनी कधी कमी लेखला नाही, आणि तो कमी लेखण्याचे कारणही नव्हते. पुतळ्याचे काम अर्थात बंधनांचे. चेहरा ओळखू आला पाहिजे, पागोट्याची घडी बरोबर हवी, कुटुंबीयांना नाक पटले पाहिजे आणि समितीला उंची. त्यांच्याआधीच्या पिढीतले थोर शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांचे उदाहरण येथे आठवते. विद्यार्थिदशेत, कोणीही न सांगता, म्हात्र्यांनी प्लास्टरमध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली आणि तिने त्यांना एकदम प्रसिद्धीच्या शिखरावर नेले. पुढे त्यांनी असंख्य मान्यवरांचे पुतळे केले. पण आजही त्यांचे नाव निघाले की आठवते ती देवळाच्या वाटेवरची तीच मुलगी. म्हात्र्यांच्या बाबतीत हौसेचे काम आधी झाले आणि धंदा नंतर आला. करमरकरांनी दोन्ही शेवटपर्यंत शेजारी शेजारी ठेवले, हे त्यांचे वेगळेपण.

त्यांचे हौसेचे काम पाहायचे तर सासवण्यालाच यावे लागते. उत्तरायुष्यात नानासाहेब गावी परतले आणि घराच्या परिसरात जे दिसेल ते घडवू लागले. ‘मत्स्यगंधा’तली कोळीण ही पुराणातली सत्यवती नव्हे, ती या किनाऱ्यावर पहाटे जाळ्याच्या ओढीला उभी असणारी बाई आहे. ‘शंखध्वनी’तली स्त्री शंख फुंकते आहे. बंगालच्या घराघरांतून सांजवेळी शंख वाजतात. कलकत्त्यातल्या दिवसांची आठवण त्या शिल्पात शोधली तर वावगे ठरू नये. आणि मग गावची माणसे आणि जनावरे. पुतळ्यांच्या यादीत ज्यांना कधीच जागा मिळाली नसती, अशी ही मंडळी. अधिकारी, दानशूर आणि पुढारी यांचे पुतळे चौकात गेले. म्हैस घरी राहिली.

त्यांच्या माध्यमाकडेही पाहायला हवे. या घरगुती शिल्पांसाठी त्यांनी मोठ्या प्रमाणात सिमेंट वापरले. ब्राँझ महाग आणि संगमरवर दुर्मीळ. सिमेंट मात्र गावच्या दुकानातही मिळते. पण ते वेळ देत नाही. माती ओली ठेवून आठवडाभर बदल करता येतात. सिमेंट काही तासांत धरते, आणि त्याआधी गालाची गोलाई किंवा म्हशीच्या कातडीवरची सुरकुती जमली नाही तर जमलीच नाही. गवंड्याच्या थापीचे हे साहित्य त्यांनी इतके मऊ केले, की काही शिल्पांना हात लावून खात्री करावीशी वाटते. या प्रयोगाला एखाद्या स्मारक समितीने पैसे दिले असते, असे वाटत नाही. राजांचे आणि पुढाऱ्यांचे पुतळे करून जी बैठक मिळाली, तिच्याच बळावर हा हट्ट पुरवता आला, हेही तितकेच खरे. पुतळ्यांना पोटापाण्याचा धंदा म्हणून नाक मुरडणाऱ्या आजच्या कलारसिकांनी हा हिशेब ध्यानात घेतलेला बरा. आणि उलट, छंदाने काय मिळते असे विचारणाऱ्यांनी एकदा हे आवार पाहून यावे.

1962 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 13 जून 1967 रोजी त्यांचे निधन झाले. सासवण्याचे घर कुटुंबीयांनी संग्रहालय म्हणून जपले असून तेथे सुमारे दीडशे शिल्पे आहेत. एवढा ठेवा सांभाळणे सोपे नाही. खाऱ्या वाऱ्याने सिमेंटच्या आतले लोखंड गंजते आणि चार महिन्यांचा पाऊस उघड्यावरच्या कशालाच सोडत नाही. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्याने मुंबईकरांच्या गाड्याही थेट या रस्त्याला लागतात. गावात शिरल्यावर करमरकरांचे घर कोणीही दाखवते.