संत जोसेफिन बखिता : विसरता न येणारी क्षमा



घरभेटीसाठी आम्ही फिरतो तेव्हा एक वाक्य पुन्हा पुन्हा कानी पडते. फादर, क्षमा करावी हे कळते, पण झालेले विसरता येत नाही. कोणाचे भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे, कोणाला सासरी सोसावे लागले आहे. विसरता येत नाही म्हणजे आपली क्षमा खोटी आहे, अशी खंत ही माणसे बाळगून असतात. त्यांच्यासाठी आज आम्ही संत जोसेफिन बखिता हिचे जीवन सांगणार आहोत. ख्रिस्तसभा ८ फेब्रुवारी रोजी तिचा सण साजरा करते.

सुदानमधील दारफूर प्रांतात १८६९ च्या सुमारास तिचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. आधी तिच्या मोठ्या बहिणीला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेले. पुढे एके दिवशी तिलाही गावाबाहेरून उचलले. तेव्हा ती जेमतेम सात-आठ वर्षांची होती. भीतीने ती स्वतःचे नावच विसरून गेली. आईबापांनी ठेवलेले तिचे नाव आजही कोणाला ठाऊक नाही. पळवणाऱ्यांनी तिला बखिता म्हटले. अरबी भाषेत बखिता म्हणजे भाग्यवान! आईवडिलांची भेट तिला पुन्हा कधीच झाली नाही.

बाजारात तिची अनेकदा विक्री झाली. एका तुर्की अधिकाऱ्याच्या घरी तिला रोज चाबकाचे फटके बसत. तेथेच तिच्या अंगावर वस्तऱ्याने ११४ वार करून नक्षी कोरण्यात आली आणि व्रण कायम राहावेत म्हणून जखमांत मीठ भरण्यात आले. ते व्रण तिने मरेपर्यंत वागवले.

१८८३ मध्ये खार्टूम येथे इटलीच्या एका वाणिज्य अधिकाऱ्याने तिला विकत घेतले. त्याच्या घरी तिला मार बसला नाही. १८८५ मध्ये ती त्याच्यासोबत इटलीला आली. तेथे एका कुटुंबात त्यांच्या लहान मुलीला सांभाळू लागली. १८८८ मध्ये मालकीण व्यवसायासाठी पुन्हा आफ्रिकेस गेली आणि मुलीला व बखिताला व्हेनिस येथील कनोसा भगिनींकडे ठेवले. माहीम आणि अंधेरीच्या शाळांमुळे आपल्याला परिचित असलेला हाच तो धर्मभगिनींचा संघ.

लहानपणी चंद्र-तारे पाहताना या सर्वांचा धनी कोण असेल, असा प्रश्न तिला पडत असे. व्हेनिसमध्ये तिला त्या धन्याची ओळख झाली. तिचे आजवरचे धनी चाबूक चालवणारे होते. या धन्याने मात्र स्वतःच चाबकाचे फटके सोसले होते. आपण जन्मापासून त्याला ठाऊक आहोत आणि त्याला प्रिय आहोत, हे तिला उमगले.

मालकीण परत आली आणि तिला घेऊन जाऊ लागली. पण बखिताने ठाम नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. इटलीच्या कायद्यात गुलामगिरीला स्थान नाही, ती स्वतंत्र आहे, असा निर्णय २९ नोव्हेंबर १८८९ रोजी लागला. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा स्नानसंस्कार झाला. १८९६ मध्ये तिने व्रते घेतली आणि ती सिस्टर बखिता झाली.

पुढे चाळीसहून अधिक वर्षे सिस्टर बखिता स्किओ या गावातील मठात राहिल्या. त्यांनी स्वयंपाक केला, शिवणकाम केले, मठाचे दार सांभाळले. शाळेत येणाऱ्या मुलांच्या डोक्यावरून त्या मायेने हात फिरवत. वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांनी आपली कहाणी सांगितली व १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मग ठिकठिकाणी जाऊन त्या आपले अनुभव सांगू लागल्या. एकदा कोणीतरी विचारले, तुम्हाला पळवून नेणारे आज भेटले तर काय कराल? सिस्टरांनी उत्तर दिले की, मी गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, कारण ते सारे घडले नसते तर मी आज ख्रिस्ती आणि धर्मभगिनी नसते.

मात्र या उत्तराचा विपरीत अर्थ काढू नये. त्यांनी गुलामगिरीला कधीच चांगले म्हटले नाही. मालकिणीबरोबर जाण्यास त्यांनी नकारच दिला होता. अन्यायाला अन्याय म्हणणे आणि अन्याय करणाऱ्याला क्षमा करणे, या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात राहू शकतात. म्हणून घरी मारहाण सोसणाऱ्या बहिणीला, क्षमा कर आणि गप्प बस, असे कोणीही सांगू नये. आम्ही धर्मगुरूंनीही नाही.

८ फेब्रुवारी १९४७ रोजी सिस्टर बखिता देवाघरी गेल्या. अखेरच्या आजारात त्यांना गुलामीचे दिवस पुन्हा दिसू लागले होते. साखळदंड फार जड झाले आहेत, जरा सैल करा, अशी विनवणी त्या शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरला करीत. स्वतंत्र होऊन ५७ वर्षे लोटली होती, क्षमा तर केव्हाच केली होती, तरीही साखळदंड आठवत होते. म्हणून त्यांची क्षमा खोटी ठरली काय? मुळीच नाही. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

भाविकांनो, क्षमा म्हणजे स्मरणशक्ती गमावणे नव्हे. आठवण येईल, जखम ठसठसेल. ती आठवण सूडासाठी वापरायची नाही, हा निर्णय म्हणजे क्षमा. तो निर्णय कधी कधी रोज सकाळी नव्याने घ्यावा लागतो. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. तुम्ही सोसलेले दुःख एखाद्या खचलेल्या शेजाऱ्याला सांगा. कदाचित तेच त्याला आधार देईल.

संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर.

आपला धर्मगुरू